वरच्या दुधाचं भांडं

बाळाला अंगावरून वरच्या दुधावर आणायचं ठरलं की घरात पहिला वाद पेटतो तो डब्याचा. शेजारणीच्या नातवाला अमुक पचलं, आत्येच्या नातीला तमुकनं पोट धरलं. माझ्या मते हा वाद दुसऱ्या नंबरचा. पावडरीत काय आणि किती असावं हे नियमांनी बांधलेलं आहे, त्यामुळे एका वयाच्या दोन साध्या डब्यांत फार अंतर नसतं. पहिला प्रश्न असा, की पाजणार कशातून? तो सहसा कुणी विचारतच नाही. बारशाला आलेल्या बाटल्यांपैकी एक उचलली की झालं.

बाळांची दुधाची भांडी जमवायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. घरातले त्याला ‘बोंडल्यांचं खूळ’ म्हणतात. तेव्हा रीतसर इतिहास आधी उरकून घेते. १८६५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं आईच्या दुधाला पर्याय म्हणून शिशुआहार काढला. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध आणि पीठ यांचं आपलं मिश्रण बाजारात आणलं. आपल्याकडे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेनं म्हशीच्या दुधापासून शिशुआहाराचं तंत्र बसवलं आणि आणंदच्या अमूलनं तो डबा घरोघरी पोचवला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं डब्यांच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली. १९९२ मध्ये भारतानं कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही ते या कायद्यामुळे. त्याच्या नावातच दूधपावडरीच्या जोडीला दुधाच्या बाटलीचाही उल्लेख आहे आणि जाहिरातबंदी दोन्हींनाही लागू आहे. म्हणजे भांड्याचा विचार सरकारनं केला, आपणच करत नाही.

आता माझ्या आवडीचं. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी जर्मनीत बव्हेरियातल्या लहान मुलांच्या थडग्यांत मिळालेली चोचीची मातीची भांडी तपासली. कांस्ययुग आणि लोहयुगातली ही भांडी. आतल्या भिंतीत मुरलेला स्निग्धांश निघाला गाय-शेळीसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचा. म्हणजे तान्ह्यांना वरचं दूध देणं काही डब्याबरोबर आलेलं नाही. त्या काळच्या काही भांड्यांना तर जनावरासारखे पायसुद्धा आहेत. मूल हसावं म्हणून कुणीतरी ते केले असणार, असं मला आपलं वाटतं.

त्यानंतर कित्येक शतकांनी, कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या इंग्लंडात, एक महाभयंकर बाटली घरोघर गेली. चपट्या काचेची, बुचातून निघालेली लांब रबरी नळी, नळीच्या टोकाला बोंडी. बाटली कुशीत ठेवून द्यायची, नळी तोंडात द्यायची, बाळ आपलं आपण पीत बसतं. आईला हात मोकळे, म्हणून खप तुफान. पण नळी आतून घासणार कशी? दूध आत साचायचं, आंबायचं, त्यात जंतू वाढायचे. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या गाजलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात तर बोंडी दोन-तीन आठवडे काढायची गरज नाही असा सल्ला आहे! डॉक्टर ओरडत राहिले, लोक त्या बाटलीला ‘मारेकरी बाटली’ म्हणू लागले, तरी ती विकली जातच होती. फ्रान्सनं १९१० मध्ये कायद्यानं बंद केली. इंग्लंडात तिला हटवलं ते एका होडीच्या आकाराच्या बाटलीनं. तिला दोन्ही टोकांना तोंडं होती. रबर काढलं की नळाखाली धरून पाणी आरपार सोडता यायचं.

आरपार दिसतं ते धुता येतं. हाच नियम मी आपल्या बोंडल्यालाही लावते. आजोळहून आलेलं चांदीचं बोंडलं पुष्कळ घरांत असतं. गुटी, औषध, वरचं दूध सगळं त्यातून जातं. पण बोंडली दोन जातींची. एकाची चोच पन्हळीसारखी वरून उघडी, दुसऱ्याची बंद नळीची. बंद चोचीचं दिसायला देखणं, सराफही तेच आधी पुढे करतो. तसलं एक घरी आणून मी त्यात दूध ओतलं, तासाभरानं ओतून टाकलं, नळाखाली नेहमीसारखं विसळलं आणि काडीला कापूस गुंडाळून चोचीत फिरवला. कापसाला पांढरट बुळबुळीत साका लागून आला. इतकं देखणं भांडं, आणि आत तीच इंग्रजी नळी! माझं स्पष्ट मत आहे, बंद चोचीचं बोंडलं शोकेसमध्ये ठेवावं. पाजायला उघड्या चोचीचं घ्यावं, नाहीतर सरळ वाटी-चमचा. नवजात बाळांच्या विभागात नर्सबाई तेच वापरतात. दक्षिणेत उघड्या चोचीच्या अशाच भांड्याला पालडै म्हणतात. स्टीलचं असतं, उकळायला सोपं.

पाजायचीही रीत आहे. बाळ मांडीवर अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाशी येईल इतकंच भांडं कलतं करायचं आणि थांबायचं. बाळ जिभेनं ओढून घेतं. ओतलं की ठसका. घोट गिळल्याशिवाय पुढचं द्यायचं नाही. बाटलीतून दूध फारसं न ओढताही येतं, आणि त्याची चटक लागलेलं बाळ मग अंगावर चिडचिड करतं. अर्धं अंगावर, अर्धं वरचं असा बेत असेल तर बोंडल्याचा हा मोठा फायदा.

माझ्या भाचीची रजा सव्वीस आठवड्यांची. ती संपायच्या बेतात असताना तिनं आधी दुपारची एक वेळ बदलली. तीन-चार दिवस छाती भरून यायची. हलकं वाटेल इतकंच दूध ती काढून टाकी, पूर्ण रिकामं करत नसे. छाती जितकी रिकामी होते तितकं दूध जास्त बनतं ना! मग संध्याकाळची वेळ बदलली. पहाटेची आणि रात्रीची तिनं अंगावरच ठेवली. आई समोर असली की बाळ बोंडल्याला तोंड लावायला तयार नाही. ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली की आजीच्या हातून मुकाट प्यायचं. शी घट्ट झाली, वास बदलला, वेळा कमी झाल्या. तेवढं होतंच. रक्त दिसलं, पुरळ उठलं किंवा सारख्या उलट्या झाल्या तर मात्र डॉक्टरकडे जावं. आणि सहा महिन्यांच्या आत अंगावरचं कमी करायचं असेल तर आधीच विचारावं.

खरी लढाई चमच्याची झाली. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. मापाचा चमचा डब्यातलाच घ्यायचा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आजी म्हणायच्या, “सपाट काय मापतेस? जरा शीग लाव, अंग धरेल पोर.” शीग लावली की दूध घट्ट होतं, बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, शी खड्याची होते. उलट डबा महिनाभर पुरवायचा म्हणून पातळ केलं तर पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन वाढत नाही. शेवटी भाचीनं सुरीच्या पाठीनं पावडर सपाट करून दाखवली आणि ती सुरी डब्याशेजारीच ठेवली. आजींनी चार दिवस तोंड वाकडं केलं, मग स्वतःच सुरी शोधू लागल्या.

पावडर निर्जंतुक नसते, हे डब्याच्या चकचकीत पत्र्याकडे बघून कुणाला पटत नाही. म्हणून पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जायच्या आत, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, त्यात पावडर घालायची. पाणी आधी, पावडर नंतर. मग भांडं गार पाण्यात धरून निववायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. केलेलं दोन तासांत संपवायचं, बाळाचं उष्टं तर लगेच ओतायचं. ओतताना जीव वर-खाली होतो, डबा काही स्वस्त नसतो. त्यावर भाचीचा तोडगा असा, की एकदम भरपूर कालवायचं नाही. आधी साठ मिलिलिटर करायचं, बाळानं मागितलं तर आणखी तीस.