सतरा अंकांची एक नवलसंख्या

गणित म्हणजे केवळ रुक्ष हिशेब, असा समज पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत दृढ झालेला असतो. तो कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांपुढें एकच संख्या ठेवीत आहों : १२३४५६७८९८७६५४३२१. ही डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. नऊ एकांनीं बनलेल्या १११११११११ ह्या संख्येचा हा वर्ग होय.

असें कां व्हावें? लहान उदाहरण घेऊं. १११ ला १११ नें गुणतांना १११ हीच ओळ तीन वेळां, दर वेळीं एक स्थान डावीकडे सरकवून, लिहावी लागते. उभ्या रांगांची बेरीज अनुक्रमें १, २, ३, २, १ येते. म्हणून वर्ग १२३२१. नऊ एक घेतले तर मधल्या रांगेची बेरीज ९ होते. हातचा कोठेंच येत नाहीं, म्हणून आकृति अभंग राहते.

अशा संख्यांस 'डेम्लो' हें नांव कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं दिलें. डहाणू येथें १९०५ सालीं जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथें शाळेंत शिक्षक होते. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते, तिला त्यांनीं 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, असें म्हटलें. आतां आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. १११११११११ ला ९ नें भागिलें असतां १२३४५६७९ येतात व बाकी उरत नाहीं; अर्थात् तिच्या वर्गास ९ चा वर्ग ८१ निःशेष भागतो. म्हणजे ही डेम्लो संख्या हर्षदही आहे!

उतावीळ विद्यार्थी म्हणेल, "मग दहा एक घेतले तरी तसेंच होणार." करून पाहावें. मधल्या रांगेंत दहा जमतात, हातचा एक पुढें जातो, आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. दोहों बाजूंचा सारखेपणा गेला. अंकांची बेरीज ८२ ही सम, संख्या मात्र विषम. तेव्हां हर्षदपणाही गेला. नऊ वेळां जुळलेली आकृति दहाव्या वेळीं मोडली!

उदाहरणें जुळलीं म्हणजे नियम सिद्ध झाला असें नव्हे. त्याचें कारण कळलें पाहिजे. ज्याला हातच्याचें मर्म उमगलें, तो दहावा गुणाकार मांडण्यापूर्वींच त्याची गति सांगूं शकतो.

ह्या अभ्यासास कापरेकरांना प्रयोगशाळा लागली नाहीं. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां देवळालीच्या ह्या शिक्षकाचें नांव दूरदेशीं पोहोंचलें. १९८६ मध्यें ते निवर्तले. मेडशीसारख्या गांवांतील विद्यार्थ्यासही वही व पेन्सिल एवढ्यावर हा मार्ग मोकळा आहे. त्यानें १, १२१, १२३२१ अशा पहिल्या नऊ डेम्लो संख्या मांडून त्यांत हर्षद किती तें शोधावें. १ वगळतां दोनच सांपडतील. त्या दोनच कां, हें शोधण्यांत खरा आनंद आहे.