अननसाच्या वासाची साल्व्हिया

हिवाळ्यात पुण्याच्या बागांतून लालभडक साल्व्हियाचे ताटवे फुललेले असतात. मुले त्याचे फूल उपटून देठाच्या बाजूने मध चोखतात. पण तेच फूल नाकाशी धरून पाहा, वास काहीच येत नाही. हे झाड मूळचे ब्राझीलचे. तिथे त्याचे परागण हमिंगबर्ड करतात, आणि हे पक्षी फूल शोधतात ते मुख्यतः रंगावरून. त्यांच्यासाठी सुगंध तयार करण्याचा खर्च झाड कशाला करील? (आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, पण शिंजीर पक्ष्यांना या ताटव्यांचा पत्ता बरोबर लागला आहे.) आपली ओळख या एकाच जातीशी असल्यामुळे साल्व्हिया म्हणजे रंगाचे झाड, वासाचे नव्हे, असा समज होऊन बसतो.

प्रत्यक्षात साल्व्हिया या वंशात सुमारे १००० जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी वासासाठीच लावल्या जातात. इंग्रजीत यांना सेज म्हणतात. कुळ आपल्या तुळशीचे. खोड चिमटीत धरून फिरवले की चौकोनी लागते, पाने समोरासमोर असतात, फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात. सुगंधी रोझमेरीलाही २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी याच वंशात आणून बसवले.

वास असतो तो पानात. साधे भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहिली तर केसांच्या लवेत बारीक चकचकीत ठिपके दिसतात. या तैलग्रंथी. ग्रंथीवर एक अगदी पातळ पापुद्रा असतो आणि त्याखाली बाष्पनशील तेल साठलेले असते. बोट लागले, किड्याने चावा घेतला, शेळीने तोंड लावले, की पापुद्रा फुटतो आणि तेल हवेत उडते. म्हणजे आपण ज्याला सुगंध म्हणतो तो झाडाच्या दृष्टीने ‘खाऊ नका’ असा इशारा आहे!

हे तेल एका पदार्थाचे नसते, अनेकांचे मिश्रण असते. स्वयंपाकात वापरतात त्या युरोपीय सेजमध्ये कापूर असतो, निलगिरी तेलात असते ते सिनिऑल असते आणि थुजोन नावाचे आणखी एक द्रव्य असते. वर्गात मुलांचे डोळे बांधून हे पान चुरडून हुंगायला दिले तर कोणी ‘विक्स’ म्हणेल, कोणी ‘देवघर’ म्हणेल. दोघेही बरोबर असतात. एकाच्या नाकाने सिनिऑल आधी पकडले, दुसऱ्याच्या नाकाने कापूर. दोन पानांच्या मध्ये मिनिटभर थांबावे, कारण नाक लवकर थकते. आणि पाने हुंगायचीच, खायची नाहीत. थुजोन जास्त पोटात गेले तर विषारी ठरते.

आता लागवडीचे. ही युरोपीय सेज मी लागोपाठ तीन वर्षे पुण्यात लावली आणि तिन्ही वर्षे ती श्रावणात मेली. आधी खालची पाने काळी पडायची, मग मूळ कुजायचे. पाणी कमी करून पाहिले, माती बदलून पाहिली. उत्तर मिळाले ते शेवटी मुलांच्या भूगोलाच्या नकाशात. ही सेज भूमध्य समुद्राच्या काठची. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. उकाडा आणि ओल एकदम आलेली तिला ठाऊकच नाही; आपला जुलै म्हणजे तिच्यासाठी उलटे वर्ष. ही जात हवीच असेल तर ऑक्टोबरात लावावी, हिवाळाभर पाने घ्यावीत आणि पावसाळ्यात कुंडी आत, पागोळ्यांपासून दूर, उजेडात ठेवावी.

त्याच नकाशात बोट पुण्याच्या अक्षांशावरून पश्चिमेकडे सरकवत नेले तर ते मेक्सिकोत पोहोचते. पुणे साडेअठरा अंशांवर, मेक्सिको शहर साडेएकोणीस अंशांच्या आसपास. दिवसाची लांबी जवळपास सारखी, आणि तिथल्या पठारावरही पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर याच काळात पडतो. साल्व्हियाच्या शेकडो जाती या देशात आहेत. फरक आहे तो उंचीचा: मेक्सिको शहर २२४० मीटरवर, पुणे ५६० मीटरवर. म्हणजे मेक्सिकोच्या साल्व्हियांना आपला पाऊस परका नाही, पण आपला एप्रिल सोसत नाही.

हे लक्षात आल्यावर उटीहून आलेली अननस सेजची एक फांदी मी लावली. हिचे शास्त्रीय नाव साल्व्हिया एलेगन्स. पान चुरडले की पिकल्या अननसाचा वास येतो, इतका की पाहुणे कुंडीत फळ शोधतात. बोटभर लांबीचे शेंडे कापून, खालची पाने काढून ओल्या वाळूत खोचले की दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. माती, वाळू आणि शेणखत सम प्रमाणात घ्यावे. खत वाढवले तर माझ्या कुंडीत पाने मोठी झाली आणि वास फिका पडला. सकाळचे ऊन द्यावे. मार्चनंतर दुपारची सावली हवीच. पावसाळा संपून दिवस आखूड होऊ लागले की लाल, नळीसारखी फुले येतात. अर्थात तीही बिनवासाची, पक्ष्यांसाठी.

अशी रोपे प्रत्येक शाळेला मिळतील असे नाही. पण मेक्सिकोची एक साल्व्हिया आज किराणा दुकानात वजनावर मिळते. चिया म्हणून जे बी विकतात ते साल्व्हिया हिस्पॅनिका. फालुद्यातला सब्जा हा याचा चुलत भाऊ, तुळशीच्याच वंशातला. दोन्ही पाण्यात टाका: दोन्हींभोवती बुळबुळीत आवरण फुगते, पण सब्जा काळाभोर दिसतो आणि चिया करडा, ठिपकेदार. मग दोन्ही जूनअखेरीस वेगवेगळ्या कुंड्यांत पेरा. महिन्याभरात हुंगून सांगता येते की कोणती कुंडी कोणाची. चियाला मात्र दिवस आखूड झाल्याशिवाय फुले येत नाहीत. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. एवढा दोन-सव्वादोन तासांचा फरक त्या रोपाला कळतो. एक कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवा आणि दुसरी अंधारात, आणि कोणती आधी फुलते याची तारीख मुलांना वहीत लिहू द्या.