आवणीच्या दिवसांत दाभोसा

पाऊस लागला की मुंबई-नाशिकच्या गाड्या जव्हारची वाट धरतात. पहिला थांबा शिरपामाळ. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजांची भेट झाली. त्या वेळच्या मानाच्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडले, असे सांगतात. तिथून मंडळी दाभोशाला जातात. लेंढी नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. बघावे तेवढे थोडेच!

पण खालचा डोह फसवा. दगड निसरडे, आणि वर डोंगरात पाऊस झाला की पाणी बघता बघता चढते. याच तालुक्यातल्या काळमांडवी धबधब्यावर जुलै २०२० मध्ये पाच तरुण बुडाले.

अडचण अशी की, हे पाणी ओळखणारा आपला माणूस नेमका तेव्हा आवणीच्या चिखलात असतो. भात उरकले की नागली-वरई. रोज बुडवून डोहावर कोण थांबणार? म्हणून ग्रामसभेने ठराव करून शनिवार-रविवारी गाड्या उभ्या करण्याचे पैसे पावतीने घ्यावेत आणि दोन माहीतगार पोरांना रोज द्यावा. आपले पेसा क्षेत्र, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. हिशेब फळ्यावर लिहिला की कुरकुर होत नाही.

पाहुणे डबे बांधून आणतात, प्लास्टिक आपल्या बांधावर टाकतात. बचत गटाच्या बायांनी चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाची आमटी द्यावी. व्यापाऱ्याला किलोने घालण्यापेक्षा नागली भाकरीने विकलेली परवडते. मात्र आधी दोरखंड आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब डोहावर पोचवा.