आकडा किती वाजताचा?

सकाळी 6. वेब डेस्कची पहिली पाळी. जुलैत पुण्यातल्या कुठल्याही डेस्कवर दिवस एकाच प्रश्नाने उजाडतो: खडकवासल्यातून किती सोडलं? पाटबंधारेच्या नियंत्रण कक्षाला फोन लावते. पलीकडचा झोपाळू आवाज आकडा सांगतो.

"साहेब, हा किती वाजताचा?"

"पाचचा. सहाचा यायचाय अजून."

थांबायचं की पाचचा लावायचा? मी पाचचाच लावते, पण 'पहाटे 5 वाजता' हे शब्द मथळ्यात घालून. मथळा लांबतो म्हणून डेस्कवर कुरकुर होते, ती होऊ दे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा साठा मिळून 29 टीएमसीच्या आसपास. त्यात खडकवासल्याच्या वाट्याला दोन टीएमसीही येत नाहीत. एवढंसं धरण, बघता बघता भरतं आणि विसर्ग तासातासाला बदलतो. 25 जुलै 2024 ला पहाटे तो 35 हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. पुढे वाद पेटला तो विसर्ग किती होता यावरून नव्हे. लोकांना तो कधी सांगितला, यावरून.

7.15. वाचकांच्या ग्रुपवर फोटो. नदीत आडवा झालेला लोखंडी पूल, खाली ओळ: 'आज सकाळी, सर्वांना पाठवा.' हा सांगाडा ओळखीचा आहे. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल, पडला 15 जून 2025 ला, रविवारी. फोटो खरा, पूल खरा, पडला हेही खरं. खोटी आहे ती फक्त 'आज सकाळी' ही वेळ. पावसाळ्यातल्या अफवांचा बराचसा माल असाच असतो, कधीतरी खरा असलेला. त्यामुळे तो धरायला फार हुशारी लागत नाही, पण मागचं लक्षात असावं लागतं.

त्या रविवारीही पहिल्या काही तासांत मृतांचा आकडा वर-खाली होत होता, शेवटी चारवर थांबला. आकडा वाढवताना कुणी काही विचारत नाही. कमी केला की लगेच प्रतिक्रिया येतात: 'लपवायला किती मिळाले?'

9.00. सरांनी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकलाय. 'त्यांनी लावलं. आपण?' दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज हाच. तेवढ्यात शेजारी नव्या मुलाने कॉपी तयार केली: 'धरणातून तासात 11 टीएमसी पाणी सोडले.' लिहिण्याचा वेग उत्तम. त्याला म्हटलं, अरे, 11,574 क्युसेकने सलग 24 तास पाणी सोडलं तर कुठे एक टीएमसी होतं. तुझ्या हिशेबाने सगळी साखळी तीन तासांत रिकामी झाली असती आणि आपण दोघं इथे बसलेलो नसतो. तो ओशाळून हसला आणि टीएमसीचं क्युसेक केलं. मग आकडाच वेगळा निघाला, म्हणून परत फोन.

तपासायला वेळ लागतो, ही तक्रार मला अर्धीच पटते. ज्याला टीएमसी म्हणजे किती हे ठाऊक आहे, त्याची पहिली तपासणी डोळ्यांनीच होते, फोन उचलायच्या आत. वेळ लागतो तो काहीच ठाऊक नसलं की.

11.00. मीटिंग. कुठल्या बातमीला किती क्लिक, त्याचा तक्ता. चहा बरा होता.

दुपारी 1.20. आजची खरी परीक्षा. एका ज्येष्ठ अभिनेत्याचं निधन झाल्याचं दोन पोर्टलनी दिलंय. आमच्याकडे त्यांच्यावरचा मजकूर कधीपासून तयार आहे, फोटोंसकट. फक्त कळ दाबायची. श्रद्धांजलीचे ट्वीटही यायला लागलेत आणि सरांचा नेहमीचा प्रश्नही आला.

अशा वेळी मला 23 नोव्हेंबर 2022 ची रात्र आठवते. विक्रम गोखले गेल्याची बातमी त्या रात्री सगळीकडे चालली, हिंदी सिनेमातल्या बड्या नावांनी आदरांजली वाहिली आणि मग घरच्यांनी सांगितलं की ते आहेत, प्रकृती गंभीर आहे. ते गेले 26 तारखेला. धर्मेंद्र यांच्या बाबतीत 11 नोव्हेंबर 2025 ला हेच झालं. तेव्हा हेमा मालिनी आणि ईशा देओल यांना जाहीरपणे खुलासा करावा लागला. ते गेले 24 नोव्हेंबरला. 'शेवटी बातमी खरीच ठरली ना' असं म्हणणारे लोक आमच्या धंद्यात आहेत. माणसाच्या मरणाची बातमी कधीतरी खरी ठरणारच. तेवढ्यासाठी बातमीदार कशाला हवा?

म्हणून नियम साधा: घरचे किंवा रुग्णालय, तिसरं कुणी नाही. मोठ्या नटाची श्रद्धांजली हा पुरावा नव्हे. तोही कुणाची तरी बातमी वाचूनच लिहितो, आणि मग त्याच्या ट्वीटच्या आधारावर पुढची बातमी होते. हे वर्तुळ पूर्ण व्हायला पाच मिनिटं पुरतात, आणि नंतर सुरुवात कुणी केली ते सापडत नाही.

रुग्णालयाचा फोन लागेना. सिनेमा पाहणारा आमचा बातमीदार घरचा नंबर फिरवत राहिला. दोन वाजून गेल्यावर चिरंजीवांनी उचलला. "बाबा आत्ताच जेवून आडवे झालेत. उठवू का?"

नको म्हणालो.

4.30. पाळी केव्हाच संपली, पण पाऊस संपलेला नाही. छापील अंकाची मंडळी आली. त्यांचा टोमणा ठरलेला: "तुमचं बरंय, चुकलं की बदलता." बदलतो, पण गेलेलं नोटिफिकेशन परत बोलावता येत नाही आणि स्क्रीनशॉट तर अमर असतो. त्यावर त्यांच्यातल्या जुन्या उपसंपादकाने 23 नोव्हेंबर 2019 काढला. सकाळच्या अंकांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असं छापलेलं आणि लोक ते वाचत असतानाच राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी. "रात्री पान सोडलं तेव्हा आमचं बरोबर होतं," ते म्हणाले, "आणि पानावर तारीख तरी होती." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची बातमी फॉरवर्ड होता होता तारीख गाळून टाकते.

5.40. वेल्ह्याच्या वार्ताहराचा फोन. "ताई, घाटात दरड आलीय. सरपंच सांगतायत. मी निघालोय बघायला." आणि रेंज गेली. तहसील कार्यालय उचलत नाही.

अभिनेत्याच्या बातमीसाठी पाऊण तास थांबलेली मी इथे थांबत नाही. दरड नसली तर चार गाड्या उगाच वळसा घेतील. असली आणि आम्ही दुजोऱ्याची वाट पाहत बसलो, तर अंधारात कुणीतरी त्यावर जाऊन आदळेल. दोन ओळी लावल्या: घाटात दरड आल्याची सरपंचांची माहिती, प्रशासनाचा दुजोरा नाही, वाहनचालकांनी तूर्त घाट टाळावा.

6.40. वार्ताहराचा फोटो आला. अर्ध्या रस्त्यावर राडारोडा, एका बाजूने गाड्या सुटतायत. मथळा बदलला. ग्रुपवर सर:

'दुसऱ्या कुणी लावलंय का?'

'नाही सर, अजून कुणीच नाही.'

'मग नक्की आहे ना?'