अनिवार्य विकल्प आणि रिकामी जागा

भाषिक सर्वेक्षणाची प्रश्नावली छापील कागदावर भरून घेतली असता एखादा रकाना कोरा राहिला, तर त्याचा कोरेपणा तपासणाऱ्यास उघड दिसतो. तीच प्रश्नावली एचटीएमएलमधील फॉर्मच्या रूपाने संगणकावर आली म्हणजे हा कोरेपणा लपू शकतो. विशेषतः ज्या रकान्यात सूची उघडून तीतील एक विकल्प निवडावयाचा असतो, त्या ड्रॉपडाउन रकान्यात 'उत्तर दिले नाही' आणि 'पहिले उत्तर दिले' ह्यांतील भेद नाहीसा होण्याचा संभव असतो. असा रकाना अनिवार्य करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

समजा, मातृभाषेच्या रकान्यात अहिराणी, कोकणी, कोरकू, गोंडी आणि मराठी असे विकल्प वर्णानुक्रमाने दिले आहेत. सूची मिटलेली असताना एकच ओळ दिसते. आणि कोणताही विकल्प आधी निवडून ठेवलेला नसल्यास ब्राउझर पहिलाच विकल्प निवडलेला धरतो. 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्येही हाच नियम होता. परिणामी, रकान्यास स्पर्शही न करता फॉर्म पाठविणारी गोंडीभाषक व्यक्ती अहिराणीभाषक म्हणून नोंदली जाते. पुढे खरी अहिराणी आणि आपोआप आलेली अहिराणी वेगळी करण्यास त्या सामग्रीत कोणतेच साधन उरत नाही.

2014 साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएल 5 मध्ये 'सिलेक्ट' ह्या घटकास 'रिक्वायर्ड' हा गुणधर्म लावण्याची सोय झाली. तो लावला की रकाना अनिवार्य झाला, असा समज आढळतो. परंतु तो अपुरा आहे. निवड मुळीच झालेली नसेल, किंवा आरंभीचा रिक्त मूल्याचा विकल्पच निवडलेला असेल, तरच ब्राउझर फॉर्म अडवितो. वरील सूचीत असा रिक्त विकल्पच नाही. त्यामुळे अहिराणी आपोआप निवडली जाते आणि अट निमूटपणे पूर्ण होते.

म्हणून सूचीचा पहिलाच 'ऑप्शन' रिक्त 'व्हॅल्यू'चा असावा व त्यावर 'मातृभाषा निवडा' असे लिहावे. तो विकल्पांच्या एखाद्या उपगटात घालू नये. 'व्हॅल्यू' लिहिण्याचेच राहून गेले, तर दर्शनी मजकूर हेच मूल्य ठरते आणि 'मातृभाषा निवडा' ही जणू एक भाषा म्हणून नोंदली जाते. हा विकल्प पुन्हा निवडता येऊ नये म्हणून त्यास 'डिसेबल्ड' केल्यास 'सिलेक्टेड' हा गुणधर्मही जोडावा लागतो; एरवी ब्राउझर त्यास ओलांडून पुढील विकल्प निवडतो आणि मूळचा दोष परत येतो.

ब्राउझरची ही तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, तिने सामग्रीचे संरक्षण होत नाही. 'नोव्हॅलिडेट' ह्या गुणधर्माने ती बंद करता येते. यास्तव सर्व्हरवर पुन्हा तपासणी हवी. आणि तीत मूल्य रिक्त नाही एवढेच न पाहता ते सूचीतीलच आहे हेही पाहावयास हवे.

येथवर तंत्राचा भाग झाला. अनिवार्यतेचा खरा अर्थ मात्र व्याकरणाच्या अंगाने अधिक स्पष्ट होतो. भाषाभाषांतील मुख्य भेद त्यांना काय सांगता येते ह्यात नसून काय सांगावेच लागते ह्यात असतो, असे रोमान याकोब्सन ह्यांनी 1959 मध्ये प्रतिपादन केले. मराठीत 'गेला' की 'गेली' हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. तथापि दारावर थाप पडली आणि येणारा कोण हे ठाऊक नसले, तर 'कोणीतरी आले आहे' असे नपुंसकलिंगी रूप भाषाच हाती देते. सक्ती करणाऱ्या व्याकरणाने अज्ञानासही एक प्रामाणिक स्थान राखून ठेवले आहे.

फॉर्मनेही तेच करावे. 'इतर', 'माहीत नाही', 'सांगावयाचे नाही' हे विकल्प नसतील, तर अनिवार्य रकाना उत्तर मिळवीत नाही, केवळ असत्य वदवून घेतो. आरंभीचा रिक्त विकल्प म्हणजे उत्तराचा अभाव; 'माहीत नाही' हे मात्र विचारपूर्वक दिलेले उत्तर होय. पहिल्यास फॉर्मने अडवावे, दुसऱ्यास मोकळी वाट द्यावी. हा भेद सांभाळला, तरच त्या सामग्रीवरून काढलेल्या निष्कर्षांवर विश्वास ठेवता येईल.