विभाजन, विभेदन आणि यदृच्छा

हैदराबादच्या हबसिगुड्यातील सीसीएमबी ही पेशीविज्ञानाची संस्था पाहून परतताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, “मॅडम, सगळ्या पेशींत जनुके तीच, मग कोणती पेशी काय होणार, हे तिचं नशीबच ना?” मी साहित्य शिकवते, पण प्रश्न शब्दाचाही होता, म्हणून उत्तर शोधणे भाग पडले.

एका पेशीच्या दोन होणे म्हणजे विभाजन. पेशीने ठरावीक काम पत्करून वेगळे रूप घेणे म्हणजे विभेदन. दोहोंचा संबंध डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबात नीट दिसतो. अन्न असेपर्यंत त्याच्या पेशी सुट्या राहून विभाजित होत असतात. अन्न संपले की हजारो पेशी एकत्र येऊन इवलासा देठ आणि त्यावर बीजाणूंचा गोळा तयार करतात. सुमारे २० टक्के पेशी देठात मरतात. बहुतेक उरलेल्या बीजाणू होऊन तगतात.

देठ कोणी व्हायचे? पेशी उपाशी पडते त्या वेळी ती विभाजनचक्रात कुठे आहे, यावर हे बरेचसे अवलंबून असते, असे गोमर आणि फर्टेल यांनी १९८७ मध्ये दाखवले. नुकतीच विभागलेली पेशी देठाकडे झुकते. विभाजनाला बराच काळ लोटलेली बीजाणूकडे. प्रत्येक पेशीच्या विभाजनाची वेळ थोडी मागेपुढे होते. एकदमच जन्मलेल्या पेशींची घड्याळेही हळूहळू जुळेनाशी होतात. म्हणून उपासमार सर्वांवर एकाच वेळी आली, तरी प्रत्येकीला ती वेगळ्या टप्प्यावर गाठते.

‘नशीब’ म्हटले की आधीच लिहिलेले काही सूचित होते. इथे तसे काही लिहिलेले नाही, पण बेबंदशाहीही नाही. एकेका पेशीचे भाकीत कठीण. समूहातले प्रमाण मात्र बरेचसे टिकते, कारण पुढे पेशी एकमेकींना रासायनिक संदेश देऊन ते सावरतात. सगळी घड्याळे जुळलेली असती, तर ही पहिली वाटणीच झाली नसती. अशा घटनेसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे. दहावीच्या गणितात संभाव्यता शिकताना आपण ‘यादृच्छिक प्रयोग’ म्हणतो, तोच हा ‘यादृच्छिक’.

उस्मानिया विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकांसाठी १९१७ साली याच शहरात ‘दारुल तर्जुमा’ उभे राहिले. तिथे विज्ञानाच्या शब्दांसाठी विषयाचे आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत. मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनीही तसे बसायला हवे. नाहीतर विद्यार्थी पेशीच्या कपाळीही नशीब लिहीत राहतील.