ऑफ सीझनमधलं कोइंब्रा आणि बाबांचा गुडघा



'पोर्तुगालला जातोय, काय काय बघू?' असं दर उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणीतरी विचारतंच. उत्तरंही ठरलेली: लिस्बन, पोर्तो आणि दक्षिणेचे समुद्रकिनारे. या दोन शहरांच्या मध्ये कोइंब्रा नावाचं एक विद्यापीठाचं गाव आहे आणि ते जुलैत नाही तर जानेवारीत बघावं, एवढं सांगायला हा लेखनप्रपंच. बोलता बोलता घरच्या गोष्टीही येतील, त्या गोड मानून घ्या.

आमच्या घरी पोर्तुगाल हा विषय वर्ज्य होता. कारण बाबा. 1955 साली 15 ऑगस्टला ते पुण्याहून निघालेल्या सत्याग्रहींबरोबर गोव्याच्या हद्दीवर गेले होते. तेव्हा वय अठरा-एकोणीस. त्या दिवशी हद्दीवर बऱ्याच ठिकाणी गोळीबार झाला, माणसं गेली. बाबांच्या वाट्याला गोळी आली नाही, रायफलचा दस्ता आला, डाव्या गुडघ्यावर. तो गुडघा आजतागायत थंडी पडली की बोलतो. इंग्लंडमध्ये आमच्याकडे तीनदा येऊन गेले. स्पेन पाहिला, इटली पाहिली, पण पोर्तुगालचं नाव काढलं की 'तुम्ही जा, मी घर सांभाळतो' म्हणायचे. मग आम्हीही कधी गेलो नाही.

2025 च्या जानेवारीत बायकोने लंडन-लिस्बनची तिकिटं अगदी पडेल भावात मिळवली. बाबा पुण्यात. मी त्यांना 'ऑफिसच्या कामाने चार दिवस बाहेर आहे' असं सांगितलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बापाशी खोटं बोलायची पाळी आली, पण बोललो खरा.

लिस्बनहून वेगवान गाडीने पावणेदोन तासांत कोइंब्रा येतं. (तिथले लोक 'कुईंब्रा' म्हणतात.) गाडी गावाबाहेरच्या 'बी' स्टेशनवर थांबते, तिथून टॅक्सी केली. खाली मोंदेगु नदी, वर टेकडी आणि टेकडीच्या डोक्यावर विद्यापीठाचा मनोरा. आमचं हॉटेल खालच्या गावात होतं, म्हणजे विद्यापीठात जायचं तर चढ आलाच. जुन्या वेशीतून आत शिरलं की एक पायऱ्यांची गल्ली लागते. तिचं नाव 'केब्रा कोश्ताश', म्हणजे सरळ मराठीत 'पाठमोड'. पावसात त्या फरशा अशा निसरड्या होतात की नाव कोणी आणि का ठेवलं हे विचारावं लागत नाही. चांगल्या ग्रिपचे बूट न्या, हा पहिला सल्ला.

हे विद्यापीठ राजा दिनिश याने 1290 साली स्थापन केलं. साल ओळखीचं वाटलं? शके 1212, म्हणजे आपली ज्ञानेश्वरी झाली तेच साल! नेवाशात माउली सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, त्या सुमाराला इकडे ही शाळा निघत होती. सुरुवात लिस्बनला झाली, मग बरीच वर्षं दोन गावांत ये-जा चालली आणि 1537 साली ते कोइंब्राला कायमचं स्थिरावलं, तेही राजाच्या जुन्या वाड्यात. 2013 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

बघायचं मुख्य म्हणजे जुआनिना ग्रंथालय. 1717 ते 1728 या काळात राजा पाचवा जुआंव याने बांधून घेतलं. सोनेरी नक्षी, छतापर्यंत पुस्तकं आणि रात्री वटवाघळं! खरंच सांगतो. पुस्तकं खाणारे किडे ती वटवाघळं खातात म्हणून त्यांना राहू दिलंय. रोज संध्याकाळी टेबलांवर चामडं अंथरायचं आणि सकाळी ते साफ करायचं, असा रिवाज आहे. आत ठरावीक वेळेचं तिकीट घेऊन जावं लागतं. त्या सकाळी आमच्या गटात आम्ही दोघं, एक कोरियन जोडपं आणि एक आजोबा, बस्स. ग्रंथालयाच्या खालीच विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता, चुकार विद्यार्थ्यांना डांबायला. मंडळी, आपला 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीजच बरं का, मूळ शब्द 'त्रोंकु'. पाव, बटाटा, चावी, पगार यांच्याबरोबर त्यांनी आपल्याला तुरुंगही दिला!

इथपर्यंत सगळं सहलीसारखं होतं. तुरुंगातून वर आलो आणि चौकातल्या कठड्याशी उभा राहिलो तेव्हा मात्र बाबांचा गुडघा आठवला. कारण सालाझार याच विद्यापीठात प्राध्यापक होता. शेतकऱ्याचा मुलगा, इथे शिकला, इथेच अर्थशास्त्र शिकवू लागला आणि 1928 साली अर्थमंत्री होऊन लिस्बनला गेला. 1932 पासून पंतप्रधान, तो थेट 1968 पर्यंत. गोवा सोडणार नाही म्हणून हटून बसला तो हाच. त्याच्याच राजवटीत टेकडीवरची जुनी वस्ती पाडून आजच्या त्या भल्यामोठ्या, चौकोनी इमारती उभ्या केल्या. जुन्या वाड्याच्या शेजारी त्या फार अंगावर येतात.

पण याच 1928 सालाची दुसरी गोष्ट मी निघण्याआधी वाचून गेलो होतो. त्या वर्षी कोइंब्रात शिकणाऱ्या गोव्याच्या मुलांनी 'इंदिया नोव्हा', म्हणजे 'नवा भारत', नावाचं पत्र काढलं. मडगावचे आदेओदात बार्रेतो हे त्यांतले एक. ते कवी होते आणि 1937 साली ऐन तारुण्यात गेले. दुसरे तेलो मास्कारेन्हस. त्यांनी टागोर पोर्तुगीजमध्ये आणले, पुढे गोवामुक्तीच्या लढ्यात पडले आणि गोवा 1961 साली मुक्त झाला तरी स्वतः 1970 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. म्हणजे ज्या साली सालाझार या पायऱ्या उतरून सत्तेकडे गेला, त्याच साली आपली पोरं त्याच पायऱ्यांवरून स्वतंत्र भारताचं पत्र काखोटीला मारून चढत होती. पुस्तकात हे वाचणं वेगळं आणि धापा टाकत त्या पायऱ्यांवर उभं राहून आठवणं वेगळं.

जानेवारीचा फायदा इथे कळला. हे दिवस परीक्षांचे. पर्यटक जवळजवळ नाहीत, गाव विद्यार्थ्यांचं. कॅफेत प्रत्येक टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे, कोट अंगावर तसाच, एका कॉफीवर तीन तास. अधूनमधून काळी कफनी पांघरलेला एखादा मुलगा पावसातून पळताना दिसतो. फोटोत ती कफनी हौसेची वाटते. जानेवारीत कळतं की ती चांगली जाड लोकरीची आहे आणि उपयोगाची आहे. इथे विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेली जुनी घरं आहेत, त्यांना 'रेपुब्लिका' म्हणतात. जुन्या कथीड्रलजवळच्या एका घराचं नाव वाचून बायको थबकलीच, 'अरे, हे पाकिस्तान काय लिहिलंय?' 'प्रा-किश-तांव' अशी ती पोर्तुगीजमधली शाब्दिक कोटी आहे!

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी बाबांना फोन हा शिरस्ता. पुण्यात दुपारचे अडीच, त्यांचं जेवण झालेलं. मी खिडकीशी उभा राहून बोलत होतो आणि तेवढ्यात एका चर्चची घंटा सुरू झाली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"एवढ्या घंटा? कुठे आहेस रे तू?"

खोटं बोलायला अर्धा सेकंद मिळतो. तो गेला.

"बाबा, पोर्तुगालमध्ये. कोइंब्राला."

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"सालाझार शिकवायचा, तेच ना?"

"हो. तुम्हाला माहितीये?"

"शत्रूची माहिती नको ठेवायला?"

मग मी घाईघाईने सगळं सांगत सुटलो. 1928 चं पत्र, आदेओदात बार्रेतो, तेलो मास्कारेन्हस. तेलोंचं नाव ऐकल्यावर बाबा म्हणाले, "ते माहीत आहेत. मोहन रानडे सुटले तरी ते आतच होते." सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात होते, 1969 च्या जानेवारीत सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती काढून जिवाचं रान केलं होतं. बाबांनी तेव्हा पगारातले पैसे दिले होते, हे मला त्या रविवारी पहिल्यांदा कळलं. बावन्न वर्षांत विचारलंच नव्हतं.

मग मी त्यांना त्याच 1969 च्या एप्रिलची गोष्ट सांगितली. 17 एप्रिलला कोइंब्रात गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले. विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने उठून बोलायची परवानगी मागितली. ती नाकारली आणि त्याला अटक झाली. त्यावरून विद्यार्थी पेटले, परीक्षांवर बहिष्कार घातला. सालाझार तेव्हा आजारी पडून बाजूला झाला होता, पण राजवट तीच. बऱ्याच मुलांना शिक्षा म्हणून सक्तीने सैन्यात भरती केलं, आणि तेव्हा पोर्तुगालची आफ्रिकेत तीन आघाड्यांवर लढाई चालू होती. पुढे 25 एप्रिल 1974 ला ती राजवट कोसळली. त्या उठावाचा इशारा म्हणून रेडिओवर जे गाणं लावलं, ते गाणारा जोझे अफोन्सो याच कोइंब्रात शिकलेला. आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला नव्या सरकारने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या पोरांनीही मार खाल्ला."

"हो."

"मग विचार त्यांना, थंडीत गुडघा दुखतो का म्हणावं."

एवढंच. नंतर पुण्याच्या पाण्याची आणि शेजारच्या बांधकामाची तक्रार सुरू झाली. फोन ठेवताना म्हणाले, "त्या पायऱ्यांचा फोटो पाठव. सालाझारच्या पुतळ्याचा वगैरे असेल तर नको." पाठवला. अजून काही उत्तर नाही, पण बहीण सांगते की फोनवर उघडून मोठा करून बघत होते.

त्या रात्री आम्ही फादो ऐकायला गेलो. लिस्बनच्या फादोत बायका असतात; इथला परंपरेने पुरुषांचाच, तोही विद्यार्थ्यांचा, काळ्या कफन्यांत. आवडलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, घसा खाकरायचा. थंडीने आमचे घसे तसेही बसलेलेच होते, त्यामुळे दाद अगदी मनापासून गेली.

आता कामाच्या गोष्टी.

थंडी: दुपारी 14-15 अंश, रात्री 5 च्या आसपास, पाऊस भरपूर. आकडे इंग्लंडपेक्षा बरे दिसतात, फसू नका. जुन्या घरांत हीटिंग नसतं. बाहेरपेक्षा आत जास्त गारठतं. बुकिंग करताना खोलीत हीटर आहे का ते नक्की विचारा. आम्ही पहिली रात्र स्वेटर घालून झोपलो.

खाणं: 'काल्दु व्हेर्द' म्हणजे बटाट्याचं आणि हिरव्या पालेभाजीचं गरम सूप. त्या भाजीचं नाव 'कोव्ह', आपल्या कोबीची आजी. त्यात सॉसेजची चकती टाकतात, शाकाहारी असाल तर आधीच सांगा. 2017 च्या कायद्यामुळे सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी पदार्थ ठेवावाच लागतो, त्यात विद्यापीठाच्या खानावळीही आल्या. मांसाहारी मंडळींनी रेड वाईनमध्ये मंद शिजवलेली 'शान्फाना' सोडू नये. बकरीचं मटण, काळ्या मातीच्या भांड्यात. रविवारी आणि जानेवारीत बरीच हॉटेलं बंद असतात, आम्हाला दोन दारांवर चिठ्ठ्याच मिळाल्या.

केव्हा जाऊ नये: नाताळच्या आठवड्यात. मुलं घरी जातात आणि गाव ओस पडतं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. मे महिन्यात विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव असतो, पण तेव्हा गर्दीही तशीच.

किती दिवस: दोन रात्री पुरे. सांता क्रूझ मठात पोर्तुगालच्या पहिल्या राजाची कबर आहे, तीही बघून घ्या. मठाला लागूनच जुन्या चर्चमध्ये 1923 पासून चाललेला कॅफे आहे, पावसात बसायला याहून चांगली जागा नाही.

आणि शेवटचं. तुमच्या घरी 1955 चं कोणी असेल तर निघायच्या आधी त्यांना विचारून, सांगून जा. माझ्यासारखं घंटेने पकडलं जाण्यात काही मजा नाही. शिवाय त्यांच्याकडे गाइडबुकात नसलेली माहिती असते.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
लंडनजवळचा एक पुणेकर